छायाचित्रात डावीकडून

अंबरनाथची पहिली स्थानिक बातमी शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली लागली, आणि दगडावर असल्यामुळे ती अजून रद्दीत गेलेली नाही. शिवमंदिरातला तो शिलालेख अभ्यासकांनी शिलाहारांच्या इतिहासासाठी वाचला. मी तो स्थानिक पत्रकारितेचा नमुना म्हणून वाचतो. आधी तिथी. मग राजा मम्वाणी, त्याच्या बिरुदांसकट. मग त्याचे महामात्य, प्रधान आणि इतर अधिकारी, नावानिशी. आणि हे सगळे मानपान आटोपल्यावर देवळाची गोष्ट. देऊळ मम्वाणीचा भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झालं आणि मम्वाणीच्या काळात पुरं झालं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे काम मागच्याच्या कारकिर्दीतलं आणि लोकार्पण आताच्याच्या, हा प्रघातही आमच्याकडे जुनाच म्हणायचा.

साडेनऊशे वर्षांत भाषा बदलली, क्रम बदलला नाही. आमच्या साप्ताहिकात मध्यंतरी एक बातमी होती. अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत, अलाण्यांच्या अथक पाठपुराव्याने व फलाण्यांच्या विशेष प्रयत्नांतून, असं करत करत बातमी दुसऱ्या कॉलमात उतरली आणि तिथे, अगदी तळाशी, काय झालं ते कळलं. गटारावर झाकण बसलं होतं. सोबतच्या छायाचित्रात झाकण दिसत नव्हतं, कारण सगळे मान्यवर त्याच्यावरच उभे होते. एका अर्थी झाकणाच्या मजबुतीचा याहून चांगला पुरावा नव्हता.

या छायाचित्रांखाली जी ओळ असते, ‘छायाचित्रात डावीकडून’, तिच्यावर आमच्या गावाचं अर्धं राजकारण चालतं. डावीकडून सुरू झालेली नावं चार-पाचावर थांबतात आणि पुढे येतं ‘व अन्य मान्यवर’. फीत कापताना जो धक्काबुक्कीचा सोहळा चालतो तो फितीसाठी नसतो, ‘अन्य’ न होण्यासाठी असतो. नवखा कार्यकर्ता हौसेने अगदी कडेला, मोकळ्या जागी उभा राहतो आणि छापताना कापला जातो. मुरलेला माणूस कात्री धरणाऱ्याच्या मागे, दोन खांद्यांच्या फटीत तोंड घालून उभा राहतो. तिथून त्याला कुणी कापू शकत नाही. कापायचं तर साहेबांचा कान जातो. 

साप्ताहिकाचे संपादक माझ्या ओळखीचे आहेत. खरं तर ते सगळ्यांच्याच ओळखीचे आहेत, कारण ते विम्याचे एजंटही आहेत. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात एक ओळ असते: हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक यांनी अमुक ठिकाणी छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. तमुक ठिकाण म्हणजे त्यांचा वन रूम किचन. मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापण्याची सक्ती इंग्रजांनी १८६७ च्या कायद्याने केली, आक्षेपार्ह मजकूर आला तर नेमकं कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. तो कायदा मार्च २०२४ मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत चालला. आमच्या संपादकांनी तो मनोभावे पाळला. वर्षानुवर्षं फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात ते मालकीचं निवेदन छापत. मुद्रकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता. प्रकाशकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता: वरीलप्रमाणे. संपादकाचं: वरीलप्रमाणे. मालकाचं: वरीलप्रमाणे. एकच माणूस चार वेळा भारतीय असल्याचं इतकं ठाम निवेदन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

शेवटच्या पानावरच्या त्या बारीक ओळीशेजारी चौकटीत असतं: ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ अंकातला सगळा मजकूर त्यांनीच लिहिलेला असतो. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ तेच, ‘खास वार्ताहर’ तेच, टोपणनावाने चालणारं खुसखुशीत सदरही त्यांचंच. मी एकदा विचारलं, “मग असहमत कोण?” तर म्हणाले, “अहो, अग्रलेख मी रात्री लिहितो. सकाळी मला स्वतःलाच पटेल याची खात्री नसते.” 

मोठ्या दैनिकांना अंबरनाथ माहीत नाही असं नाही. ठाणे पुरवणीत आम्हाला जागा असते, पण ‘अंबरनाथ, बदलापूर’ अशी जोडीने. दोघांचं पाणी एकत्र बंद होतं, दोघांची लोकल एकत्र रखडते. दरवर्षी पावसाळ्यात बारवी धरण भरून वाहू लागल्याची बातमी येते, तीही दोघांना मिळून एकच. दिल्लीच्या वाहिन्यांना तर जोडीनेही आम्ही दिसत नाही. त्यांच्या लेखी आम्ही ‘मुंबईजवळ’ राहतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी आत, एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हेलिकॉप्टर. त्या दिवशी पहिल्यांदा साऱ्या देशाच्या कॅमेऱ्यांनी कल्याणच्या पुढे मान वळवली. दिवसभर ते पाणी साऱ्या भारताने पाहिलं. फक्त आम्हाला दिसलं नाही, कारण आमच्या भागात लाईट नव्हती आणि केबलही. वांगणीचं पाणी किती वाढलं ते आमच्या बिल्डिंगला नागपूरच्या मावशीने फोन करून सांगितलं.

तर अशा गावाला स्वतःचं वर्तमानपत्र लागतंच. बातमी कळावी म्हणून नव्हे. बातमी मटका चौकात सकाळी आठला कळते, विम्को नाक्याला साडेआठला, आणि कानसईत पोचेस्तोवर तिच्यात दोन माणसं वाढलेली असतात. संपादकांचंच वाक्य सांगतो: “बातमी सगळ्यांना माहीत असते हो. पण छापून आल्याशिवाय ती झाली, असं कुणाला वाटत नाही.” म्हणून शाळेच्या चित्रकला स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या मुलाचे वडील अंकाच्या दहा प्रती मागतात. एरवी अंकावर ‘किंमत २ रुपये’ छापलेलं असतं आणि ते दोन रुपये कुणी कुणाला दिलेले पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मग वर्तमानपत्र चालतं कशावर? वाढदिवसांवर. आमच्याकडे नेता मोठा किंवा लहान हे त्याच्या कामावरून ठरत नाही, त्याच्या वाढदिवसाला किती पानं पडतात त्यावरून ठरतं. वाढदिवस विशेषांक आठ पानी असेल तर माणूस नगरसेवक, बारा पानी रंगीत असेल तर आणखी वर जाण्याच्या बेतात. मधोमध उत्सवमूर्तींचा मोबाईलवर बोलतानाचा फोटो, भोवती शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. गंमत म्हणजे शुभेच्छुकांच्या जागेचे पैसे शुभेच्छुक देतात, की उत्सवमूर्तीच परस्पर भागवतात, हा प्रश्न विचारायचा नसतो. निवडणुका जवळ आल्या की एकाच शुभेच्छुकाचा फोटो लागोपाठच्या दोन अंकांत दोन वेगळ्या पक्षांच्या उत्सवमूर्तींभोवती दिसतो. शर्टसुद्धा तोच. संपादक म्हणतात, “ब्लॉक तयार होता ना.”

दुसरं उत्पन्न जाहीर नोटिशींचं. ‘तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेल्या या मजकुराइतकं तमाम लोकांनी न वाचलेलं साहित्य मराठीत दुसरं नसेल. सदनिकेचे मूळ कागद गहाळ झाले आहेत, कुणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास इतक्या दिवसांत पुराव्यासह कळवावे, न पेक्षा तसा हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. वकिलांना ही नोटीस छापून हवी असते, वाचली जायला मुळीच नको असते, आणि त्या दृष्टीने आमच्या साप्ताहिकाइतकं सुरक्षित ठिकाण नाही. एकेकाच्या आयुष्यभराची पुंजी असलेले फ्लॅट तिथे, कबुतरखान्याच्या वादाच्या बातमीखाली, सहा पॉइंटच्या टायपात हात बदलतात.

आणि मग ६ जानेवारी. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं म्हणून महाराष्ट्र पत्रकार दिन पाळतो. या दिवशी पुढारी पत्रकारांना शाल आणि श्रीफळ देतात. उरलेलं वर्ष पत्रकार पुढाऱ्यांचे फोटो छापतात, तेव्हा हिशेब फार बिघडत नाही. त्या कार्यक्रमाची बातमी लिहिणं मात्र जिकिरीचं असतं. सगळेच पत्रकार मंचावर असल्यामुळे खाली बसून टिपणं घ्यायला कुणी उरत नाही.

छापील मजकुराचं हे असं. पण आमच्या गावाने स्वतःला खरं पाहिलं ते केबलवर.

आधी दूरदर्शन होतं आणि ते गच्चीवरच्या अँटेनाला कावळा बसेपर्यंत दिसायचं. मग आखाती युद्धाने देशाला उपग्रहाची चटक लावली, १९९१ मध्ये स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं, आणि आमच्या वस्तीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाने एका बिल्डिंगच्या गच्चीवर डिश बसवून तिथून काळी वायर नारळाला वेढा देत पाच बिल्डिंगा जोडल्या. झाला केबलवाला. १९९५ मध्ये त्याच्यासाठी कायदाही आला आणि त्याने नोंदणी करायची ती हेड पोस्टात! आकाशातून वाहिन्या उतरवणाऱ्या माणसाने पोस्टाच्या खिडकीत रांग लावायची, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला विनोदी लेखनाचा एखादा पुरस्कार द्यायला हवा होता. कदाचित त्याचं म्हणणं असेल, हाही घरोघरी काहीतरी पोचवतोच.

त्याने जे पोचवलं त्यात सगळ्यात लोकप्रिय होती खालची पट्टी. शारजात भारताचा सामना चालू असायचा आणि धावफलक जिथे दिसायचा नेमका तिथूनच पट्टी सरकायची. सचिन कितीवर खेळतोय ते कळायचं नाही, पण खेर सेक्शनमध्ये वन बीएचके भाड्याने आहे, फक्त व्हेज फॅमिली, हे कळायचं. विकेट पडली की ‘शिवण क्लासचे प्रवेश सुरू’. लोक चिडायचे, फोन करायचे, आणि फोनवर बोलता बोलता आपल्याही जुन्या स्कूटरची जाहिरात देऊन मोकळे व्हायचे. सामना ऐन रंगात असताना चित्र गेलं तर केबलवाल्याकडे उत्तर तयार असे: “मागच्या बिल्डिंगची लाईट गेलीय, आपला बूस्टर तिथे आहे.” मागच्या बिल्डिंगवाल्यांना आमच्या बिल्डिंगची लाईट गेलेली असे.

पुढे त्याने लोकल चॅनल काढलं आणि बातम्या सुरू केल्या. कॅमेरा होता गावातल्या लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे, तेव्हा मुहूर्त नसलेल्या दिवशी तो बातम्या करी. मिक्सिंगही त्याचंच. त्यामुळे नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचं वृत्त सनईवर सुरू व्हायचं. अध्यक्षांचा चेहरा आधी एका बदामात येई, मग तो बदाम मोठा होत होत पडदा भरून टाकी. विरोधी सदस्य घोषणा देत सभात्याग करू लागले तेव्हा वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अर्थसंकल्प मांडणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांचं पान उलटलं आणि खालून त्याच दिवशीच्या कुणा मुंजीतला बटू डोकावून गेला. तक्रार कुणीच केली नाही. उलट एका सदस्याने आपल्या भाषणाची कॅसेट मागवून घेतली आणि घरी लग्नाच्या कॅसेटशेजारी ठेवली.

मुलाखतींचा प्रश्न एकच: “आपण काय सांगाल?” पूर आला, पूल झाला, दहावीचा निकाल लागला, आपण काय सांगाल? उत्तरही ठरलेलं. सर्वप्रथम आभार, आणि मग ‘या ठिकाणी’. या ठिकाणी मी सांगू इच्छितो, की या ठिकाणी जी पाण्याची समस्या आहे, ती या ठिकाणी लवकरच या ठिकाणी सुटेल. पाणी नेमकं कोणत्या ठिकाणी येणार, एवढं सोडून सगळं कळायचं.

पण महाशिवरात्रीचं थेट प्रक्षेपण म्हणाल, तर त्याच्याबद्दल मी एक वाकडा शब्द बोलणार नाही. शिवमंदिराला त्या दिवशी पंचक्रोशी लोटते, मध्यरात्रीपासून रांगा लागतात. गाभारा पायऱ्या उतरून खाली, तिथे कॅमेरा जाणं शक्यच नसे, म्हणून केबलवाल्याने तो बाहेर एका उंच ठिकाणी रांगेवर रोखून ठेवला आणि तो स्वतः चहाला गेला. दिवसभर पडद्यावर रांग. निवेदन नाही, संगीत नाही, शेजारच्या वालधुनी नदीचा वासही नाही, जो खरं तर प्रक्षेपणाचा मोठाच फायदा. आता हे कुणी पाहील का? अख्खं गाव पाहत होतं, कारण प्रत्येकाच्या घरचा एकेक माणूस त्या रांगेत होता. आई टीव्हीसमोर पाट घेऊन रताळी सोलत बसायची. “बाबा खेळण्यांच्या दुकानापाशी आलेत,” ती आतल्या खोलीत सांगायची, “साबुदाणा मोकळा करून ठेव.” थोड्या वेळाने, “बाबा प्रसादाच्या ताटांपाशी. कूट काढ.” मध्येच रांगेत बाबांच्या पुढे कुणीतरी घुसलं, तर आई इथून ओरडायची, “अहो, बघताय काय, त्याला सांगा ना मागे व्हायला!” तेवढ्यात बाबांचाच फोन: “दिसतोय का मी?” आणि पडद्यावर शेकडो माणसांतून एक हात वर. शेजारून आणखी पाच-पंचवीस हात वर झालेले दिसायचे. सगळेच आपापल्या घरी फोन लावून उभे होते. बाबा देवळाच्या दाराशी दिसेनासे झाले की कढईत जिरं पडायचं. ते घरी पोचेस्तोवर खिचडी गरम असायची. एवढं अचूक वार्तांकन मी नंतर कुठल्याही वाहिनीवर पाहिलं नाही.

गणपतीत घरगुती सजावट स्पर्धा असे. कॅमेरा घरोघरी फिरायचा आणि गाव म्हणे मखरं पाहायचं. मखराकडे कुणाचंही लक्ष नसे. “पडदे बदललेले दिसतात.” “हॉल एवढा मोठा नाहीये हो, कॅमेऱ्यात दिसतो.” “आपला तांब्या तिच्याकडेच आहे बघ!”

मग २०१२ नंतर आधी मुंबईत आणि पुढे टप्प्याटप्प्याने आमच्याकडे सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि लोकल चॅनल अशा कुठल्याशा क्रमांकावर जाऊन बसलं जिथे रिमोट दाबत पोचेपर्यंत आरती संपते. आता काम फोनवर चालतं. ज्याच्याकडे फोन आणि स्पंजचा चौकोनी बूम तो वाहिनी. बूमवरचा लोगो फ्लेक्सवाला छापून देतो, वाढदिवसाच्या बॅनरवर एक फुकट. गेल्या पत्रकार परिषदेत टेबलावर एवढे बूम होते की बोलणाऱ्या साहेबांचं नाक तेवढं दिसत होतं, आणि ते नाक डावीकडून कितवं समजायचं या विचारात वहीवाले संपादक मागे उभे होते. गाय रस्त्यात बसली तरी ‘अंबरनाथमध्ये खळबळ, पाहा व्हिडिओ’. गाय पाहून झाली की खळबळ कुठे होती ते शोधण्यासाठी लोक व्हिडिओ पुन्हा पाहतात.

संपादक मात्र छापतच आहेत, आणि त्याला कारण आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला पथदिवा बंद पडला तेव्हा त्यांनी मोठ्या दैनिकाला पत्र लिहिलं. ते आलं नाही. आम्ही सुचवलं, ग्रुपवर फोटो टाका. टाकला, त्याखाली सोळा जणांनी हात जोडले आणि एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. शेवटी काकांनी साप्ताहिकाकडे पत्र दिलं: ‘महोदय, आपल्या लोकप्रिय वृत्तपत्रातून मी संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो...’ खांबाचा क्रमांक, बंद पडल्याची तारीख, अंधारात पडून हात मोडता मोडता वाचलेल्या गृहस्थांचा उल्लेख, सगळं कसं जिथल्या तिथे. पत्र चौकटीत आलं. अंकाचं कात्रण काकांनी तीन प्रतींत झेरॉक्स करून नगरपालिकेत नेलं, एक प्रत दिली, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, आणि चौथ्या दिवशी शिडीची गाडी आली. फोनवरच्या फोटोवर शिक्का कुठे मारणार?

गल्लीने काकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, संपादकांच्या हस्ते. पुढच्या अंकात फोटो आला, काका डावीकडून दुसरे. आठ दिवस काका खुशीत होते, मग त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. काकू काळजीत पडल्या. परवा जिन्यात भेटले तर चेहरा पुन्हा उजळलेला, हातात फूलस्केप.

“दिव्याबद्दलच आहे,” म्हणाले, “अरे, तो आता दिवसाही चालू असतो.”